कै. जावजी दादाजी चौधरी

आमच्या टेंभुर्णीच्या बाजूस सुताराच्या मुलानें वेगळें घर केलें, कीं बापाचा वाकस, पटाशी व करवत हीं त्याच्या नव्या पडवींत येऊन बसतात. हत्यारांचा वारसा असा घरांतल्या घरांत चालत आलेला आपण नित्य पाहतों. परंतु ज्याच्या घरीं तो धंदाच नाहीं, त्यानें कारखाना थाटावा कसा? निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांचें चरित्र या दृष्टीनें आम्हांस फार मनन करण्याजोगें वाटतें.

जावजींचा जन्म १८३९ सालीं मुंबईंत एका गरीब कुटुंबांत झाला. शिक्षण बेताचेंच झालें. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत दरमहा २ रुपयांवर टाइप घासण्याच्या कामास लागले. हा छापखाना सामान्य नव्हता. १८१३ सालीं मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं तो थोड्याच वर्षांत उभारिला होता. तेथील काम पाहूनच गणपत कृष्णाजी या खटपटी गृहस्थांनीं आपल्या हातानें लांकडी यंत्र बनविलें, शाई तयार केली आणि १८३१ सालीं मराठी पंचांग शिळाप्रेसवर छापून काढिलें. पुढें त्याच छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम या कुशल कारागिरानें मराठी अक्षरांस पूर्वीं नसलेलें सौष्ठव आणिलें. अशा ठिकाणीं जावजींचें बाळपण गेलें.

टाइप घासणें म्हणजे काय, हें आजच्या मुलांस सांगितल्यावांचून कळावयाचें नाहीं. प्रथम पोलादाच्या कांडीच्या टोंकावर अक्षर उलटें कोरावयाचें, तो ठसा. हा ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला म्हणजे अक्षराची खोलगट मूस उमटते. त्या मुशींत शिसें, कथील व सुरमा यांचा वितळलेला रस ओतला कीं टाइप तयार होतो. तो निवाल्यावर त्याच्या कडांचा खरखरीतपणा घासून काढावा लागतो. एक टाइप केंसभर जाड राहिला, तरी सबंध ओळ वांकडी दिसते. त्यांतून इंग्रजीस थोड्या अक्षरांत भागतें. आपल्या बाळबोध लिपीस काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरें धरून शेंकडों निरनिराळे टाइप लागतात. दोन रुपयांचें हें काम हलकें समजलें जाई. पण अक्षराच्या अंगाची जाणीव बोटांस व्हावयास याहून चांगली शाळा मिळाली नसती, असें आमचें मत आहे.

मिशनच्या छापखान्यानंतर जावजींनीं मुंबईंतील इतर छापखान्यांत चाकरी केली. १८६२ सालीं निघालेल्या इंदुप्रकाश पत्राच्या छापखान्यांतही ते कांहीं काळ होते. अशीं सुमारें पंधरा वर्षें लोटल्यावर १८६४ सालीं त्यांनीं स्वतःचा कारखाना काढिला. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. जावजींनीं आधीं छापखाना काढिला नाहीं. टाइप ओतण्याचा कारखाना काढिला. दुसऱ्याच्या टाइपावर चालणारा छापखाना दुसऱ्याचा मिंधा राहतो. ज्याचा ठसा आपला, त्याचें अक्षर आपलें. या कामीं त्यांस राणोजी रावजी आरू हे स्नेही लाभले. ठसे कोरण्यांत राणोजींचा हात असा कांहीं बसला होता कीं त्यांचें अक्षर डोळ्यांस गोड वाटे. जावजींचें व्यवहारचातुर्य आणि राणोजींचें कसब यांची जोडी जुळली नसती, तर एकट्याच्यानें काय झालें असतें, याची आम्हांस शंकाच आहे. चरित्रकार बहुधा धन्याचें नांव मोठें करितात व कारागिराचें विसरतात, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

पांच वर्षांनीं, १८६९ सालीं, निर्णयसागर छापखाना सुरू झाला. त्याच नांवाचें पंचांग घरोघर जाऊं लागलें. १८८१ पासून विनायक कोंडदेव ओक यांचें बालबोध मासिक येथूनच निघूं लागलें आणि मराठी मुलांस त्यांच्यासाठीं लिहिलेलें वाचावयास मिळालें. १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादकत्वाखालीं काव्यमाला निघाली. त्यामुळें पोथ्यांच्या बासनांत पडलेलीं कित्येक संस्कृत काव्यें स्वच्छ टाइपांत छापून निघालीं. ज्यानें स्वतः फारशी शाळा पाहिली नाहीं, त्याच्या कारखान्यांतून पंडितांचे ग्रंथ युरोपांतील विद्वानांच्या मेजावर गेले.

१८९२ सालीं जावजी वारले. आतां मात्र त्या घरीं हत्यारें होतीं. ठसे, मुशी, यंत्रें, आणि या सर्वांहून मोलाची ती नांवाची पत, हें सारें मुलांच्या हातीं आलें व त्यांनीं तें राखिलें.

पुढें धातूच्या टाइपाचें युगच मावळलें. तथापि ज्यांच्या घरीं आजोबांचीं जुनीं संस्कृत पुस्तकें असतील, त्यांनीं तीं उघडून पहिलें पान पहावें. कोठें जावजी दादाजी, कोठें तुकाराम जावजी, कोठें पांडुरंग जावजी असें मालकाचें नांव आढळेल. खालीं निर्णयसागर छापखाना, कोलभाट गल्ली, मुंबई.