संत बहिणाबाई : चरित्र आणि साक्षात्काराचा प्रश्न

१. प्रस्तावना



संत तुकारामांच्या शिष्यपरंपरेचा विचार करताना संत बहिणाबाई (१६२८–१७००) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. खानदेशातील कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या वेगळ्या; नामसाम्यामुळे गोंधळ होऊ देऊ नका. संत बहिणाबाईंच्या आयुष्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्याचा बहुतांश त्यांच्याच आत्मनिवेदनपर अभंगांतून मिळतो. एका स्त्रीने आपली जीवनकथा स्वतः सलगपणे सांगावी, याचे मराठीतील हे अतिशय जुने उदाहरण आहे.

या आत्मनिवेदनाच्या केंद्रस्थानी एक स्वप्न आहे. ज्यांना कधी पाहिले नव्हते अशा तुकारामांनी या स्वप्नात येऊन आपल्याला अनुग्रह दिला, असे बहिणाबाई सांगतात. आजच्या वाचकाला येथे साहजिकच प्रश्न पडतो : हा साक्षात्कार होता, की दुःखाने आणि यातनांनी खचलेल्या मनाचा भास? प्रस्तुत घटकात आपण बहिणाबाईंच्या चरित्राच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणार आहोत. या एकाच प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेले आहेत. अनुभव कसा निर्माण झाला, हा एक आणि त्या अनुभवाचे मोल काय, हा दुसरा. हे दोन्ही वेगळे ठेवता आले, तर या चरित्राचे आकलन अधिक स्पष्ट होईल.

२. देवगाव ते कोल्हापूर

बहिणाबाईंचा जन्म वेरूळच्या परिसरातील देवगाव येथे झाला. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचा विवाह बालपणीच, वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या बिजवराशी झाला. पती शिऊरच्या पाठक घराण्यातील, वेदविद्येचा अभिमान बाळगणारे आणि स्वभावाने अत्यंत कोपिष्ट होते.

पुढे कर्ज आणि भाऊबंदकीचा तंटा यांमुळे या कुटुंबाला गाव सोडावे लागले. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर अशी भ्रमंती करीत ही मंडळी कोल्हापुरास पोहोचली. तेथे बहिरंभट नावाच्या वेदज्ञ ब्राह्मणाच्या घरी त्यांना आश्रय मिळाला. बहिरंभटांना दानात मिळालेली सवत्स गाय त्यांनी या कुटुंबाला दिली. गाव, घर आणि सोबतीच्या मुली सारे मागे राहिलेल्या बहिणाबाईंना या वासराचा विलक्षण लळा लागला. त्या जातील तेथे ते वासरू जाई. कथा-कीर्तनालाही ते त्यांच्या पाठोपाठ येई.

कोल्हापुरात तेव्हा जयरामस्वामी वडगावकर यांची कीर्तने होत असत. तुकारामांची पदे बहिणाबाईंच्या कानी पडली ती याच कीर्तनांतून. एकदा गर्दीत अडचण होते म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढले. जयरामस्वामींनी ते परत आत आणवले आणि वासराच्या व त्या लहान मुलीच्या मस्तकावरून हात फिरवला. या प्रसंगाची वार्ता गावभर झाली. पतीला ती सहन झाली नाही. त्यांनी बहिणाबाईंना हातपाय बांधून बेदम मारले. गायवासरांनी चारापाणी सोडले, असे बहिणाबाई सांगतात.

३. वासराचा मृत्यू आणि स्वप्नानुग्रह

थोड्याच अवधीत वासरू मरण पावले. त्या आघाताने बहिणाबाई निश्चेष्ट पडल्या आणि काही दिवस शुद्धीवर आल्या नाहीत. याच अवस्थेला लागून तो अनुभव येतो. कार्तिक वद्य पंचमी, रविवार अशी नेमकी तिथी त्यांनी नोंदवली आहे. तुकाराम स्वप्नात आले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला आणि मंत्र दिला, असे त्यांचे निवेदन आहे. त्या वेळी बहिणाबाईंचे वय अवघे अकरा-बारा वर्षांचे होते.

या प्रसंगातील सामाजिक पेच ध्यानात घ्या. तुकाराम कुणबी, त्या काळच्या वर्णव्यवस्थेत शूद्र गणले गेलेले. ब्राह्मण घरातील विवाहित मुलीने त्यांना गुरू मानणे, ही त्या समाजाच्या दृष्टीने अकल्पनीय गोष्ट होती. देहूला जाण्याचे स्वातंत्र्य तिला नव्हते आणि कोणाची संमती मिळण्याची आशाही नव्हती. जागेपणी जे सर्व दरवाजे बंद होते, ते स्वप्नात कोणाच्याही परवानगीवाचून उघडले.

पतीचा संताप अनावर झाला. पत्नीचा त्याग करून निघून जाण्याचा निश्चय त्यांनी केला. परंतु त्याच सुमारास ते स्वतः गंभीर आजारी पडले. हे दुखणे तुकारामांच्या निंदेचे फळ आहे, अशी त्यांची भावना झाली आणि त्यांचे मन पालटले. म्हणजे एकाच घरात एकाच अनुभवाचे दोन अर्थ लावले गेले. अनुभव खरा मानावा की नाही, यावर एका मुलीचे पुढील आयुष्य अवलंबून होते.

४. मानसशास्त्राचा दृष्टिकोन

आता आपण पहिल्या प्रश्नाकडे वळू. असा अनुभव कसा निर्माण होतो?

मानसशास्त्रात भ्रम आणि विभ्रम यांत फरक केला जातो. अंधारात दोरी पाहून साप वाटणे हा भ्रम. तेथे वस्तू असते, पण तिचे आकलन चुकते. वस्तू नसतानाच ती दिसणे किंवा आवाज ऐकू येणे हा विभ्रम होय. मेंदूच्या चित्रणावर आधारित अभ्यासांत असे आढळते की, विभ्रमाच्या वेळी त्या त्या इंद्रियाशी संबंधित मेंदूचे भाग कार्यरत असतात. म्हणून अनुभव घेणाऱ्याला तो कल्पनेसारखा न वाटता प्रत्यक्षासारखा वाटतो. अशी माणसे खोटे बोलत असतात, हा समज त्यामुळे टिकत नाही.

विभ्रम केवळ मनोविकारातच होतात, हा समजही चुकीचा आहे. तीव्र ताप, उपासमार, झोपेचा अभाव, एकांतवास आणि शोक यांमुळे निरोगी माणसालाही ते होऊ शकतात. इंग्लंडमध्ये १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे १७,००० व्यक्तींना प्रश्न विचारण्यात आले. जागेपणी असा अनुभव आयुष्यात एकदा तरी आल्याचे त्यांपैकी सुमारे दहा टक्के लोकांनी सांगितले. वेल्समधील डॉक्टर रीस यांनी १९७१ साली २९३ विधवा व विधुरांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मृत जोडीदार जवळ असल्याची जाणीव, त्याचे दर्शन किंवा त्याचा आवाज यांपैकी काही ना काही अनुभव त्यांतील जवळजवळ निम्म्या लोकांना आलेला होता.

या पार्श्वभूमीवर बहिणाबाईंची अवस्था पाहा : मारहाण, बंधन, जिवलग प्राण्याचा मृत्यू, काही दिवसांची बेशुद्धी. विभ्रमाला किंवा अतितीव्र स्वप्नाला अनुकूल अशी ही परिस्थिती आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र येथे दोन मर्यादा पाळाव्या लागतात. बहिणाबाईंनी हा प्रसंग स्वप्न म्हणूनच सांगितला आहे. शिवाय आपल्यासमोर रुग्णाची नोंद नसून पुढील वयात स्मरणातून रचलेले काव्य आहे. त्यावरून साडेतीनशे वर्षांनंतर रोगनिदान करणे शास्त्रालाही मान्य होणार नाही.

५. परंपरेने दिलेला आकार

अनुभवाची शक्यता शरीर व मन यांच्या अवस्थेतून निर्माण झाली असे मानले, तरी त्याला आकार कोठून मिळाला? शोकाकुल मुलीला वासरूच दिसले असते, तर नवल वाटले नसते. तिला दिसले तुकाराम.

याचे उत्तर वारकरी परंपरेत सापडते. तुकारामांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच झाला होता. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन काव्यरचनेची आज्ञा केली, असेही तुकारामांनी सांगितले आहे. स्वप्नात गुरूने येणे हा या परंपरेला परिचित असलेला, अर्थपूर्ण मानला गेलेला मार्ग होता. मराठीत त्यासाठी दृष्टांत हा स्वतंत्र शब्द रूढ आहे. ज्यांच्या पदांचा ध्यास लागला होता ते तुकाराम, गुरूने मस्तकी हात ठेवण्याची रीत आणि मंत्रोपदेश, हे सर्व घटक बहिणाबाईंच्या सांस्कृतिक जगात अगोदरपासून उपस्थित होते. अन्य धर्मांतील भाविकांना त्यांच्या त्यांच्या श्रद्धेतील विभूती दिसतात, यामागेही हेच कारण संभवते.

श्रद्धावान वाचक यावर म्हणू शकेल की, ईश्वर माणसाला समजेल अशाच रूपात भेटतो. संशयवादी म्हणेल की, मन स्वतःजवळचीच चित्रे परत पाहते. उपलब्ध पुराव्यावरून या दोघांचा निवाडा होत नाही. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाकडे जाणे अधिक फलदायी ठरते.

६. देहू आणि उत्तरायुष्य

अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या धार्मिक अनुभवांवरील ग्रंथात असा विचार मांडला की, अनुभवाचे मूल्य त्याच्या शारीरिक मुळावरून ठरवू नये; त्याने आयुष्यात काय घडवले, यावरून ठरवावे. हा निकष बहिणाबाईंना लावून पाहू.

पतीचे मन पालटल्यावर हे कुटुंब देहूला आले. स्वप्नात पाहिलेलेच रूप तेथे प्रत्यक्ष दिसले, असे बहिणाबाई सांगतात. अडचणी मात्र संपल्या नाहीत. मंबाजी गोसावी यांनी शूद्राला गुरू मानल्याबद्दल त्यांचा छळ केला. तरीही त्यांनी आपला गुरू बदलला नाही. पुढे कन्या काशीबाई आणि पुत्र विठोबा यांचा जन्म झाला. संसार सोडावा, अशी तीव्र इच्छा आणि पत्नीधर्म सोडू नये, अशी निष्ठा यांतील ओढाताण त्यांच्या अभंगांत जागोजागी दिसते. या ताणाचा मेळ त्यांनी संसारात राहूनच घालण्याचा प्रयत्न केला.

अश्वघोषाच्या नावावर असलेल्या वज्रसूची या संस्कृत ग्रंथाचा आशय त्यांनी मराठीत आणला. ब्राह्मण्य जन्मावरून ठरत नाही, असे हा ग्रंथ प्रतिपादतो. बालवयात स्वप्नातून स्वीकारलेल्या शूद्र गुरूचे समर्थन त्यांनी असे विचाराच्या पातळीवर पूर्ण केले. १७०० साली, मृत्युसमयी, त्यांनी पुत्राला आपल्या पूर्वीच्या बारा जन्मांची हकिकत सांगितली. शिऊर येथे त्यांची समाधी आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक भास आयुष्य असे घडवीत नाही. जे आवाज माणसाचा सतत अपमान करतात, त्याला भयभीत करतात, झोप, काम व नातीगोती मोडून टाकतात, त्यांना साक्षात्कार मानून उपचार लांबवणे हा त्या व्यक्तीवर अन्याय आहे. आपल्या घरात किंवा शेजारी असे कोणी असेल, तर वैद्यकीय साहाय्य मिळवून देणे हेच योग्य. आणि बहिणाबाईंच्या घरी झाले तसे, अनुभव सांगणाऱ्याला बांधून मारणे हा कोणत्याही काळी उपचार होऊ शकत नाही.

७. समारोप

विभ्रम आणि धार्मिक अनुभव यांचा संबंध आहे. दोन्ही मानवी मनाच्या एकाच क्षमतेतून उद्भवू शकतात. परंतु उगम सारखा असला, म्हणजे मोलही सारखेच असते, असे नाही. बहिणाबाईंच्या स्वप्नाची कारणे मानसशास्त्र बरीचशी उलगडू शकते. त्या स्वप्नाशी साठ वर्षे प्रामाणिक राहून त्यांनी जे जगले, सोसले आणि लिहिले, त्याचे मूल्यमापन मात्र साहित्याच्या आणि जीवनाच्या कसोटीवर आपल्यालाच करावे लागते. त्यांचे आत्मनिवेदनपर अभंग वाचताना स्वप्नाच्या आधीचे आणि नंतरचे अभंग शेजारी ठेवून वाचा.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. भ्रम आणि विभ्रम यांतील फरक आपल्या परिसरातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

२. बहिणाबाईंच्या स्वप्नानुग्रहाला वारकरी परंपरेने कोणता आकार दिला, ते सांगा.

३. अनुभवाचा उगम आणि त्याचे मूल्य हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे आपणास पटते काय? बहिणाबाईंच्या चरित्रातील प्रसंगांच्या आधारे आपले मत मांडा.