अफझलगंजच्या रूपाबाई

जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून जिचं नाव घेतात, ती आमच्या हैदराबादची. रूपाबाई फर्दुनजी, पारशी घरातल्या. अफझलगंजला उस्मानिया दवाखान्याचे घुमट दिसले की मला त्या आठवतात. उस्मानियाच्या आधी इथे अफझलगंज दवाखाना होता, आणि तिथे त्या रोग्यांना भूल देत.

१८८५ मध्ये हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत पाच मुली दाखल झाल्या, त्यांत रूपाबाई एक. डॉ. एडवर्ड लॉरी तिथले प्रमुख. १८८९ मध्ये त्या हकीम ही पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्याच वर्षी निजामाच्या पैशावर दुसरा क्लोरोफॉर्म आयोग इथे बसला. त्या कामातही त्या होत्या. नाडी सोडा, श्वास बघा, क्लोरोफॉर्मने हृदय थेट बंद पडत नाही, असं लॉरींचं ठाम मत. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांच्या प्रयोगांनी ते चूक ठरवलं.

तेव्हा भूल म्हणजे फडक्यावर क्लोरोफॉर्मचे थेंब. इथे आमचा वायूंच्या दाबाचा धडा उपयोगी पडतो. बंद नळकांड्यात नुसती हवा असेल आणि तापमान २० अंशांवरून ४० वर गेलं, तर दाब जेमतेम सात टक्के वाढतो. केल्व्हिनमध्ये ते २९३ वरून ३१३ एवढंच होतं. पण आत क्लोरोफॉर्मचा द्रव असेल तर तापल्यावर आणखी द्रवाची वाफ होते. तिचा दाब सुमारे १६० मिलिमीटरवरून ३६० च्या आसपास जातो, दुपटीहून जास्त! त्यात फडकं वाफेमुळे गार पडतं, ते वेगळंच. म्हणजे विलायतेच्या थंडीत बसवलेला थेंबांचा हिशेब आपल्या मे महिन्यात चालेलच असं नाही. कमी पडलं तर रोगी सुरीखाली जागा होणार, जास्त झालं तर श्वास थांबणार.

१९०८ च्या मुसीच्या पुराने तो दवाखाना नेला. १९०९ मध्ये, वीस वर्षं भूल देऊन झाल्यावर, रूपाबाई एडिंबरोला गेल्या आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र शिकल्या. भूलशास्त्राचा वेगळा अभ्यासक्रम तेव्हा नव्हताच. हात बसलेला, नाव झालेलं, तरी बाई पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसल्या. मला त्यांच्या पहिलेपणापेक्षा हेच मोठं वाटतं. परत येऊन त्यांनी हैदराबादेतच काम केलं आणि १९२० मध्ये चादरघाट दवाखान्याच्या अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्या.