मगधाची लेक, विदर्भाची राणी



रामटेकच्या गडावर आपल्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. गडाजवळच नगरधन हे गाव आहे. तेच प्राचीन नंदिवर्धन, वाकाटक राजांची राजधानी. पांढुर्ण्याला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला आहे. त्याच प्रवरसेनाच्या आईची, प्रभावतीगुप्तेची, ही कथा.

प्रभावती ही मगधाचा सम्राट दुसरा चंद्रगुप्त आणि नागकुळातील राणी कुबेरनागा यांची कन्या. चंद्रगुप्ताला गुजरात-माळव्यातील शक क्षत्रपांशी युद्ध करायचे होते. अशा वेळी दक्षिणेचे बलाढ्य वाकाटक मित्र असणे आवश्यक होते. म्हणून चौथ्या शतकाच्या अखेरीस त्याने आपली मुलगी दुसऱ्या रुद्रसेनाला दिली. राजघराण्यांत लेकींची लग्ने अशीच ठरत.

पण काही वर्षांतच रुद्रसेन वारला. मुले लहान होती. थोरला दिवाकरसेन युवराज झाला आणि राज्याचा भार तरुण विधवा आईवर आला. माहेरी परत न जाता तिने किमान १३ वर्षे मुलाच्या नावाने कारभार चालविला. दिवाकरसेन राजा झाल्याचा उल्लेख मात्र कुठेच नाही. पुढे दामोदरसेन व प्रवरसेन ही तिची मुले राजपदावर आली. (पाचव्या शतकात, इ. स. ४२५ पासून, रोमन सम्राट थिओडोसियसची कन्या गाला प्लासिडिया हीसुद्धा आपल्या लहान मुलाच्या वतीने राज्य सांभाळत होती.)

तेराव्या वर्षी प्रभावतीने चनालस्वामी नावाच्या आचार्यांना दंगुण हे गाव दान दिले. त्या ताम्रपटात वंशावळ दिली आहे ती सासरची नव्हे, माहेरच्या गुप्तांची. गोत्रही तिने वडिलांचेच, धारण, सांगितले आहे. सासरचे राज्य राखले, पण स्वतःची ओळख पुसू दिली नाही. प्रवरसेनाच्या १९ व्या राज्यवर्षातही रामगिरीहून, म्हणजे रामटेकहून, तिने स्वतःच्या नावाने दान दिले. तो ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचा.

प्रवरसेन कवीही होता. त्याचे 'सेतुबंध' हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात आहे. आपण मध्य प्रदेशात राहून घरी जी मराठी बोलतो, तिची जुनी पिढी म्हणजे ही भाषा.

नगरधनला २०१५ ते २०१८ या काळात उत्खनन झाले. त्यात प्रभावतीच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. वजन जेमतेम सहा ग्रॅम. तिच्यावर ब्राह्मी अक्षरे आणि शंख आहे.

पालकांना एवढेच सांगणे, की लग्न म्हणजे मुलीच्या आयुष्याचा शेवटचा धडा नव्हे. प्रभावतीला राज्य चालविता आले, कारण सासरी येण्यापूर्वी ती काही शिकून आली असली पाहिजे. आपल्या लेकींनाही ती शिदोरी देऊ या. आणि मुलांनो, पुढच्या वेळी रामटेकला गेलात, की नगरधनलाही जरूर जा.