खाडीकाठचा कारखानदार

पूर्व द्रुतगती महामार्गाने ठाण्याकडे निघाले की विक्रोळीत डाव्या हाताला गोदरेजचे कारखाने लागतात आणि उजव्या हाताला, थोडे आत, ठाणे खाडीला भिडलेले खारफुटीचे जंगल. एका बाजूला कपाटे, कुलपे आणि फ्रिज, तर दुसऱ्या बाजूला नुसता चिखल. मुंबईच्या रीतीने पाहिले तर पहिल्या बाजूने दुसरीला केव्हाच गिळायला हवे होते. भर घालून जमीन करायची, हा तर या शहराचा दोनशे वर्षांहून जुना धंदा. विक्रोळीत तो चालला नाही, याच्या श्रेयात सोहराबजी पिरोजशा गोदरेज यांचा वाटा मोठा आहे.

१८९७ साली लालबागला कुलपांचा कारखाना काढणाऱ्या अर्देशीर गोदरेज यांचे सोहराबजी हे पुतणे आणि पिरोजशांचे थोरले चिरंजीव. जन्म १९१२ चा. फ्रामजी कावसजी बानाजींच्या जुन्या इस्टेटीतली विक्रोळीची जमीन पिरोजशांनी १९४३ मध्ये लिलावात विकत घेतली, तेव्हा शहराच्या दृष्टीने ती आडरानच होती. पुढे कारखाने तिथे हलले. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्या तिथेच तयार झाल्या. कामगारांची वसाहत, शाळा आणि रस्त्याकडेची झाडे, असे पिरोजशानगर आकाराला आले. पिरोजशा १९७२ मध्ये वारले. त्याच वर्षी स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरणावरची पहिली मोठी परिषद भरली होती. हा योगायोगच, पण थोरल्या मुलाच्या पुढच्या आयुष्यात कारखाना आणि पर्यावरण ही दोन सूत्रे अखेरपर्यंत एकत्र राहिली.

सोहराबजी अविवाहित राहिले. जग भरपूर हिंडले, आणि गावातल्या संस्थाही त्यांनी तितक्याच उत्साहाने सांभाळल्या. १९६९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेचे ते अध्यक्ष झाले. उद्योगपतीला अध्यक्ष करून घेणे ही आपल्याकडच्या संस्थांची जुनी युक्ती. निधीची चिंता तेवढी कमी होते. सोहराबजींचे वेगळेपण असे, की संस्थेच्या व्यासपीठावर ज्याचा पुरस्कार करायचा त्याची परीक्षा देण्यासाठी त्यांच्या घराण्याची स्वतःची शेकडो एकर खाडी होती.

खारफुटी म्हणजे काय, हे त्या काळी फार थोड्यांना ठाऊक होते. सामान्य बोलण्यात ती खाजणातली झुडपे, सरपणापुरती उपयोगाची. वनस्पतिशास्त्राला ती वेगळी दिसतात. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येऊन हवा घेतात आणि त्याची पाने जादा मीठ बाहेर टाकतात. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि लांब शेंगेसारखे रोप होऊन खाली पडते. भरतीचे पाणी या मुळांत मंदावते, गाळ खाली बसतो, कोळंबी आणि माशांची पिल्ले तिथे वाढतात. वाशीपासून ऐरोलीपर्यंतच्या कोळ्यांना हे पुस्तकाशिवाय कळत होते. मंत्रालयाला मात्र पुस्तक लागते. विक्रोळीत ते लिहिण्याची सोय झाली. सोहराबजींच्या आईच्या, सूनाबाईंच्या, नावाच्या प्रतिष्ठानाने १९८५ मध्ये या जंगलाच्या रक्षणाचे आणि अभ्यासाचे काम हाती घेऊन सागरी परिसंस्थेचे केंद्र उभारले. जातींच्या नोंदी, रोपवाटिका, विद्यार्थ्यांच्या सहली, संशोधकांना मोकळीक, असे ते साधेच काम होते. पण तेच झाड, तोच चिखल वर्षानुवर्षे पाहायला मिळावा, ही अशा अभ्यासाची पहिली गरज असते आणि जागेचे भाव चढत असलेल्या मुंबईत ती भागणे सर्वांत कठीण होते.

धोरण सावकाश आले. शाश्वत विकास हा शब्द ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने १९८७ मध्ये सर्वतोमुखी केला. किनारा नियमनाची अधिसूचना फेब्रुवारी १९९१ ची. तिने खारफुटीला संरक्षण दिले, पण ती नेमकी कुठे आहे याचा धड नकाशा नसल्याने भराव चालूच राहिले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि पाण्याला जायला वाट का उरली नाही, हा प्रश्न चव्हाट्यावर आला. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीला बंदी घातली आणि उपग्रहचित्रांवरून नकाशे करायला सांगितले. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये आला, ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये. सोहराबजी २००० सालीच गेले होते. आदल्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले होते.

त्यांच्याच कारखान्यात संशोधन आणि धोरण यांची गाठ याहून लवकर पडली होती. १९५८ पासून गोदरेज फ्रिज बनवत होते. त्यातला क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोनचा थर विरवतो, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले. मॉन्ट्रियल करार १९८७ मध्ये झाला आणि भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. मग स्विस आणि जर्मन साहाय्याने भारतात हायड्रोकार्बन वायूंवर चालणाऱ्या फ्रिजचे प्रयोग झाले, त्यात गोदरेज होते. इथे कराराला तारखा होत्या, पर्यायी वायू होता, बदलासाठी साहाय्यही होते. खाडीसाठी यांपैकी काहीच नव्हते. तिथे मालकाची मर्जी हाच कायदा.

सोहराबजींचे एक मत मात्र आज जसेच्या तसे घेता येत नाही. वाढती लोकसंख्या हे पर्यावरणाच्या दुखण्याचे मूळ, असे ते मानत आणि कुटुंबनियोजनाच्या प्रचारात त्यांनी बरीच शक्ती घातली. महाराष्ट्राचा जननदर २०१९-२१ मध्येच १.७ पर्यंत उतरला होता, तरी खाड्यांवरचे अतिक्रमण थांबलेले नाही. ते अतिक्रमण माणसांच्या संख्येपेक्षा चौरस फुटाच्या भावावर अधिक चालते.

आणि मालकाच्या मर्जीची दुसरी बाजूही सांगायला हवी. विक्रोळीतल्याच काही जमिनीवर खाजगी वन म्हणून शासनाने हक्क सांगितला, तेव्हा कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि २०१४ मध्ये जिंकली. कायद्याच्या दृष्टीने तिचे म्हणणे बरोबर ठरले. पण खाडीकडचे जंगल राखणारा आणि जमिनीवरचा वनाचा शिक्का नाकारणारा मालक एकच, हे लक्षात राहते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बुलेट ट्रेनसाठी विक्रोळीची जमीन घेण्याविरुद्धची कंपनीची याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली. त्याच्या दोन महिने आधी मुंबई, ठाणे आणि पालघरमधली सुमारे २० हजार खारफुटीची झाडे तोडायला त्याच न्यायालयाने परवानगी दिली होती. ती मागायला प्रकल्पाला न्यायालयात यावे लागले, ते खारफुटी वाचवणाऱ्या आधीच्या आदेशांमुळे. ठाणे खाडी मात्र ही गाडी पुलावरून ओलांडणार नाही. खारफुटी आणि फ्लेमिंगोंना धक्का लागू नये म्हणून तिथे सुमारे ७ किलोमीटरचा मार्ग खाडीच्या तळाखालून, बोगद्यातून आखला आहे.