पक्षिमित्र डॉ. सलीम अली

हिवाळा सुरू झाला, की तिबेट व मध्य आशियातील सरोवरे गोठू लागतात. अन्न दुर्मीळ होते आणि राजहंस, बदके, क्रौंच असे पक्षी भारतातील जलाशयांकडे झेपावतात. भिलाईपासून जवळच, बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदा येथील तलावांवरही हिवाळी पाहुणे उतरतात. अशा पक्ष्यांची शास्त्रशुद्ध ओळख सामान्य भारतीयांना करून देणारे थोर अभ्यासक म्हणजे डॉ. सलीम अली होत.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपल्याने मामांनी त्यांचा सांभाळ केला. छर्‍याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा ठिपका दिसला. ही चिमणी कोणती, हे विचारण्यासाठी ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले आणि पक्ष्यांच्या अद्भुत विश्वाचे दार त्यांच्यासाठी उघडले.

विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे पक्षितज्ज्ञाची सरकारी नोकरी त्यांना नाकारली गेली. जर्मनीत प्रशिक्षण घेऊन १९३० मध्ये परतल्यावरही नोकरी नव्हतीच. खर्च भागेना, म्हणून ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळील किहीम येथे राहू लागले. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण केले. नाव सुगरण असले, तरी घरटे विणतो तो नर. अर्धे विणलेले घरटे मादीने पसंत केले, तरच तो ते पूर्ण करतो आणि मग दुसरे विणू लागतो, हे त्यांनी दाखवून दिले. बेकारीचे दिवस असे संशोधनाचे दिवस ठरले.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. १९४५ मध्ये त्यांनी मानस सरोवर व कैलासचा खडतर प्रवास करून तेथील पक्षिजीवन न्याहाळले. पुढे राजस्थानातील भरतपूर येथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित कडी घालण्यात आली. असा पक्षी परदेशात सापडला, की त्याच्या प्रवासाचा मार्ग उलगडे. भरतपूरची पाणथळ जमीन शेतीसाठी देण्याची मागणी पुढे आली, तेव्हा ती वाचवण्यासाठी ते ठामपणे उभे राहिले.

१९७६ मध्ये पद्मविभूषण पुरस्काराने गौरवलेल्या या अभ्यासकाचे १९८७ मध्ये निधन झाले. भरतपूर सुरक्षित राहिले. मात्र तेथे येणारे सायबेरियन क्रौंच २००२ नंतर दिसेनासे झाले. पाहुण्यांसाठी केवळ मुक्काम जपून भागत नाही, त्यांची संपूर्ण वाटच जपावी लागते.