मोबाईलच्या स्क्रीनमधला उजेड शंभर वर्षांपूर्वी ओळखणारा शास्त्रज्ञ, जो उपासमारीनं गेला

तुमच्या मोबाईलची स्क्रीन ओएलईडी असेल, तर हे वाचताना तिच्यातला एकेक ठिपका स्वतः पेटलेला आहे. मागे ट्यूब नाही की बल्ब नाही. घन पदार्थातून विजेचा प्रवाह गेला की तो न तापता उजळतो, या तत्त्वावर सगळा खेळ चालतो.

हे तत्त्व सगळ्यात आधी नीट अभ्यासलं ते ओलेग लोसेव्ह या रशियन तरुणानं. तेव्हा त्याच्याकडे ना पदवी होती, ना मोठं पद.

निरोप्या ते संशोधक

लोसेव्हचा जन्म १९०३ साली रशियातल्या त्वेर शहरात झाला. शाळेत असतानाच त्याला रेडिओचं वेड लागलं. १९२० मध्ये तो निझनी नोव्हगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत दाखल झाला, पण काम मिळालं निरोप्याचं. इकडचे कागद तिकडे पोहोचवायचे आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे.

१९२२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यानं झिंकाइट या खनिजाचा स्फटिक वापरून रेडिओचे सिग्नल मोठे करून दाखवले. तोपर्यंत हे काम काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबचं मानलं जायचं. ट्रान्झिस्टरचा शोध लागायला अजून पंचवीस वर्षं होती! या 'क्रिस्टाडाइन'ची चर्चा युरोप-अमेरिकेपर्यंत पोहोचली.

तो उजेड आला कुठून?

रेडिओच्या स्फटिकांवर काम करताना लोसेव्हला दिसलं, की कार्बोरंडमला सुई टेकवून प्रवाह सोडला की टोकाशी बारीकसा उजेड पडतो. इंग्लंडच्या हेन्री राउंडनंही १९०७ मध्ये हे पाहिलं होतं, पण एक छोटी नोंद छापून तो पुढे गेला.

लोसेव्ह मात्र तिथंच थांबला. स्फटिक तापल्यामुळे उजळतोय का, हे तपासायला त्यानं त्यावर बेंझिनचा थेंब टाकला. उष्णता असती तर थेंब झटकन उडून गेला असता. तो हळूहळूच सुकला. म्हणजे हा थंड प्रकाश होता.

१९२७ मध्ये त्यानं हे छापलं. प्रवाह वाढवला की उजेड वाढतो आणि हा उजेड सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करता येतो, हेही त्यानं मोजून दाखवलं. त्याच वर्षी त्यानं 'प्रकाश रिले'च्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात जलद तारा, टेलिफोन आणि चित्रं पाठवण्यासाठी हा प्रकाश वापरायची कल्पना होती.

पिक्सेलशी याचा काय संबंध?

इथंच खरा धागा आहे. असा ठिपका किती उजळणार हे त्यातून जाणाऱ्या प्रवाहावर ठरतं. म्हणून ओएलईडी स्क्रीनच्या प्रत्येक ठिपक्यामागे एक छोटं सर्किट असतं.

त्याची सगळ्यात साधी रचना दोन ट्रान्झिस्टर आणि एका कपॅसिटरची. पहिला ट्रान्झिस्टर दार उघडतो आणि 'इतका उजेड हवा' हा निरोप व्होल्टेजच्या रूपात आत घेतो. कपॅसिटर तो निरोप पुढची फ्रेम येईपर्यंत धरून ठेवतो. दुसरा ट्रान्झिस्टर त्या व्होल्टेजप्रमाणे प्रवाह सोडतो.

अडचण अशी, की सगळे ट्रान्झिस्टर हुबेहूब सारखे बनत नाहीत. एकच निरोप मिळूनही एक ठिपका जास्त उजळतो, दुसरा कमी, आणि स्क्रीनवर डाग दिसतात. हा फरक भरून काढायला अनेक फोनमध्ये एका ठिपक्यामागे सात-सात ट्रान्झिस्टर बसवतात. १०८० बाय २४०० च्या स्क्रीनवर २५ लाखांहून जास्त पिक्सेल असतात. हिशोब तुम्हीच करा!

लेनिनग्राडचा वेढा

१९२८ मध्ये निझनीची प्रयोगशाळा बंद झाली आणि लोसेव्ह लेनिनग्राडला आला. १९३८ मध्ये प्रबंध न मागता, केवळ आधीच्या कामावर त्याला पीएचडीच्या तोडीची पदवी मिळाली. पोटापाण्यासाठी तो एका वैद्यकीय संस्थेत भौतिकशास्त्र शिकवत होता.

सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्यानं लेनिनग्राडला वेढा घातला. शहरात अन्न येणं जवळजवळ बंद झालं. त्या हिवाळ्यात भुकेनं लाखो माणसं मेली. २२ जानेवारी १९४२ रोजी लोसेव्हही गेला. वय अवघं ३८.

पुढे १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या लाल प्रकाशाचा एलईडी बनवला आणि हे तंत्रज्ञान बाजारात आलं. २०१४ मध्ये निळ्या एलईडीसाठी तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. लोसेव्हचं नाव मात्र बराच काळ मागेच राहिलं. २००७ मध्ये 'नेचर फोटोनिक्स'मध्ये आलेल्या एका लेखानं त्याचं काम पुन्हा जगासमोर आणलं.

त्याच्या स्फटिकावरचा तो उजेड सुईच्या टोकाएवढा होता. पण उजेडाची मात्रा प्रवाहाच्या हातात असते हे त्यानं त्यातूनच मोजलं. आज स्क्रीनचा ब्राइटनेस कमी-जास्त करताना तुमचं बोट तेच करत असतं.