विटांच्या पोटातील आग

सीमेन्स हे नाव आपण विजेच्या यंत्रांवर वाचतो. ते वेर्नेर या थोरल्या भावामुळे प्रसिद्धीस आले. मला येथे सांगायचे आहे ते धाकट्या विल्यमविषयी. मी कलाशाखेचा विद्यार्थी. भट्टीशी माझा संबंध चहाच्या शेगडीपुरता. तरीही या माणसाचे चरित्र वाचताना मी गुंतून गेलो.

विल्यमचा जन्म १८२३ साली हॅनोव्हरजवळच्या लेंथ या गावी झाला. आईबाप लवकर वारले आणि भावंडांचा भार वेर्नेरवर पडला. त्याने शोधलेली विजेने मुलामा देण्याची कृती विकण्यासाठी एकोणीस वर्षांचा विल्यम १८४३ मध्ये लंडनला आला. इंग्रजी तोडकेमोडके. एका दुकानावर ‘अंडरटेकर’ ही पाटी पाहून त्याला वाटले, हेच लोक नवे शोध हाती घेत असणार! आत जाऊन पाहतो तो प्रेतयात्रेची व्यवस्था करणारे गृहस्थ. पुढे बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने ती कृती विकत घेतली आणि या मुलाचे पाय इंग्लंडात रोवले गेले.

त्यानंतरची वर्षे मात्र कष्टाची. वाया जाणारी उष्णता धरून ठेवावी व पुन्हा वापरावी, ही कल्पना स्कॉटलंडचे धर्मोपदेशक रॉबर्ट स्टर्लिंग यांनी १८१६ मध्येच मांडली होती. विल्यमने ती वाफेच्या इंजिनाला लावून पाहिली. वर्षे गेली, पैसा गेला, पण इंजिन काही बाजारात टिकले नाही. तेव्हा धाकटा भाऊ फ्रीड्रिख याने सुचविले की, हेच तत्त्व भट्टीला लावावे. १८५६ मध्ये त्याने पेटंट घेतले. म्हणून सारे श्रेय एकट्या विल्यमला देणे मला पटत नाही.

युक्ती तशी सोपी. भट्टीच्या दोन्ही अंगांना जाळीदार रचलेल्या विटांच्या खोल्या. धुराड्याकडे निघालेला तप्त धूर एका बाजूच्या विटांतून जातो आणि त्या लालबुंद होतात. मग झडपा फिरवून प्रवाह उलटा करायचा. आता आत येणारी हवा व जळाऊ वायू त्याच विटांतून तापून येतात, आणि दुसऱ्या बाजूच्या विटा तापू लागतात. अशा फेऱ्यांनी आच चढत जाते आणि कोळसा मात्र कमी लागतो. १८६२ साली वृद्ध फॅरडेने रॉयल इन्स्टिट्यूशनमधील आपले अखेरचे शुक्रवारचे व्याख्यान याच भट्टीवर दिले. पुढे फ्रान्समध्ये मार्टिनने तिच्यात पोलाद वितळविले. आपल्याकडे साकचीला (आजचे जमशेदपूर) १९१२ मध्ये पहिले पोलाद निघाले, तेही याच जातीच्या भट्टीतून.

आज ही जुनी वीट पुन्हा कामास आली आहे. सूर्य व वारा कारखान्याच्या पाळीप्रमाणे चालत नाहीत. म्हणून वीज मुबलक असेल तेव्हा तिने विटा हजार अंशांहून अधिक तापवायच्या, वर उष्णतारोधक आवरण घालायचे, आणि हवी तेव्हा त्यांतून गरम हवा किंवा वाफ काढायची. अशी यंत्रे काही कारखान्यांत बसूही लागली आहेत. मात्र पोलाद वितळविण्याइतकी आच त्यांतून मिळविणे अजून अवघड आहे. वाफेवर चालणाऱ्या उद्योगांना त्यांचा उपयोग आधी होईल, असे मला वाटते.

विल्यमलाही कोळशाबाहेरची शक्ती खुणावत होती. १८७७ मध्ये त्याने लोखंड-पोलादवाल्यांच्या सभेत नायगारा धबधब्याची शक्ती तारेने दूर नेण्याचा विचार मांडला. कोळशावर पोसलेल्या श्रोत्यांपुढे हे बोलायला धाडस हवे. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला, साठी गाठण्यापूर्वीच्या नव्हे तर साठाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरून पुढे गेलेला विल्यम लंडनमध्ये वारला.